सतरा नंबरचं कव्हर

गाठबाईला मी वीस वर्षं ओळखते, म्हणजे वीस वर्षं तिच्या शेजारच्या मशीनवर बसते. विमानतळाच्या मागच्या अंगाला सीटची कव्हरं शिवायचं आणि दुरुस्त करायचं एक खातं आहे, तिथे. लोकांना वाटतं विमानतळावर नोकरी म्हणजे केवढी मजा. आमच्या वाट्याला फक्त डाग आणि उसवलेल्या शिवणी. रफू संपला की आतून दोनदा गाठ मारायची तिची सवय, म्हणून ती गाठबाई. आमची एकेरी गाठ कधीमधी सुटायची. हिची सोडवायला कात्रीच लागे.

ही बाई विमानाला घाबरायची, आणि थोडीथोडकी नाही. खात्याचं मागचं दार धावपट्टीकडे उघडतं, त्या दारात बसून तिने कधी डबा खाल्ला नाही. विमान उडालं की तिचा पाय मशीनवरून उचलला जायचा आणि आवाज विरेपर्यंत अधांतरीच राहायचा. मी चेष्टा करायचे, "ठेव गं पाय खाली, तुझ्या पायामुळे नाही पडत ते." ती हसायची नाही.

तिचं म्हणणं असं, की वर काय होतं ते आपल्याला कव्हरं सांगतात. तेही खोटं नव्हतं. दर सहा महिन्यांनी कव्हरांचे गठ्ठे येतात आणि धुण्याआधी आम्ही ती हुकांना टांगतो. बसून बसून त्यांना आकार आलेला असतो. कुठे पाठीचा खळगा, कुठे डोकं टेकल्याची खूण. ओळीने माणसं बसल्यासारखं दिसतं, फक्त आत माणसं नसतात. दिवा मालवून निघताना मीही मागे वळून बघत नाही.

त्यातलं सतरा नंबरचं कव्हर गाठबाईच्या डोक्यात बसलं होतं. समुद्रापलीकडच्या शहराला रोज जाऊन येणारं एक लहान विमान होतं, त्यातल्या खिडकीच्या सीटचं हे कव्हर. पुढच्या कडेला, खालच्या बाजूने, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे चार भोकं असायची. नखांची. ती रफू करायची, सहा महिन्यांनी कव्हर यायचं, आणि त्याच जागी पुन्हा तीच चार भोकं. तिने आतून जाड कापड लावलं, तेही फाटून आलं. एकदा शिवणीत नखाचा तुकडा सापडला. चिमट्याने तो उचलून तिने केरात टाकला.

"कोण मेला बसतो इथे कोण जाणे," ती म्हणाली. "हात झडो त्याचे."

नऊ वेळा तिने ते कव्हर दुरुस्त केलं आणि नऊ वेळा हा शाप दिला. मी मोजले नाहीत, तिनेच नंतर सांगितलं.

आता तिच्या ताईबद्दल सांगायला हवं. आई लवकर गेली, तेव्हा वेणी घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईने केलं. पुढे ताई लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. गाठबाईचं विमानाशी हे असं, त्यामुळे भेटायला ताईच यायची, वर्षातून दोनदा. एकदा आमच्या खात्यातही आली होती. ऐसपैस, हसरी बाई. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" तर म्हणाली, "मला कसली भीती? नेहमीच्या खिडकीशी बसल्या बसल्या डोळा लागतो. जाग येते ती उतरतानाच." बोटाला पट्टी होती. दारात नख सापडलं म्हणाली. गाठबाई म्हणाली, "हिचं नेहमीचंच आहे, धांदरट कुठली." दोन तुकडे जोडणं हा आम्हा दोघींचा धंदा, पण हे दोन तुकडे आम्हाला जुळले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ताईचं येणं थांबलं. ती विसरायला लागली होती. आधी वस्तू, मग वार, मग माणसं. त्याच सुमारास सतराचं कव्हर धड यायला लागलं. गाठबाईने उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "सुटला वाटतं एकदाचा."

मग एका सकाळी भाच्याचा फोन आला. "मावशी, यायचं तर आत्ताच ये. आई अजून तुझं नाव घेते. पुढच्या महिन्यात घेईल का, मला नाही सांगता येणार." बोटीला बारा दिवस लागतात. तिने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "तिने मला ओळखलं नाही तर मी कोणाची गं?"

तिकीट काढताना कोणती सीट हवी विचारलं, तर ती म्हणाली, सतरा. मी म्हटलं, तीच कशाला बाई, अंगावर काटा येतो. ती म्हणाली, "ते कव्हर माझ्याकडे नऊदा फाटून आलं. म्हणजे तो मेला नऊदा घाबरला आणि नऊदा धड उतरला. बाकीच्या सीटांचं मला काही माहीत नाही." भीतीवर तिने एवढाच उपाय केला, आणि मला तो कोणत्याही गोळीपेक्षा शहाणपणाचा वाटला.

पुढचं तिने परत आल्यावर सांगितलं.

 विमान जमिनीवरून सुटलं तसे तिचे पाय सवयीने उचलले गेले, आणि कळलं की आता ते खाली टेकले तरी खाली जमीन नाही. हात आपोआप सीटच्या कडेखाली गेला. चार जाड रफू बोटांना लागले, शेवटी तिचीच दुहेरी गाठ. तिची चार बोटं त्या चार जागांवर बरोब्बर बसली, माप घेतल्यासारखी. ती म्हणाली, "तिथे आधीच कोणीतरी होतं. त्याने बोटं जरा सरकवून मला जागा दिली." ही बाई थापा मारणारी नाही. शेजारचा प्रवासी तर हात छातीवर बांधून घोरत होता. तिने हात काढला नाही. भीती गेली नाही, पण एकटीची राहिली नाही.

ताईच्या घरी भाच्याने दार उघडलं. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, निम्मी झालेली, बाहेर आभाळाकडे डोळे लावून. गाठबाईने हाक मारली. ताईने मान वळवली नाही. तिचा उजवा हात खुर्चीच्या कडेखाली होता.

"दिवसभर अशीच बसते," भाचा म्हणाला. "खुर्चीचं कापड फाडून टाकलंय. ऊठ म्हटलं तर म्हणते, अजून उतरलं नाही."

गाठबाई खाली वाकली. कडेला खालून चार भोकं होती.

ती मला म्हणाली, "त्या क्षणी मला माझे नऊच्या नऊ शाप ऐकू आले, माझ्याच आवाजात, एकामागून एक."

मग ती खुर्चीजवळ जमिनीवर बसली. ताईची बोटं कापडात इतकी रुतली होती की ओढून निघाली नसती. तिने आपली बोटं त्यांच्या शेजारी सरकवली. ताईच्या कानाशी म्हणाली, "ताई, उतरलं बघ विमान. टेकलं."

ताईने श्वास सोडला. बोटं एकेक करून सैल झाली. तिने गाठबाईकडे परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं आणि विचारलं, "माझी धाकटी बहीण आली असेल ना घ्यायला?"

"आलीये. केव्हाची उभी आहे."

ताईने फाटलेली कडा पदराने झाकली. मग जवळ वाकून हळूच म्हणाली, "तिला सांगू नका हं, मी घाबरते ते. मला येऊ नको म्हणेल."

गाठबाईने सांगितलं, नाही सांगणार.