मार्कलिस्ट घेऊन म्हापशाला

आमच्या पेडण्याच्या शाळेतले क्लार्क सगळ्यालाच भ्यायचे. कपाटाला कुलूप लावलं की ते पुन्हा ओढून बघायचे, आणि शिक्का मारून झाल्यावरही पुटपुटायचे, "मारलो मगे?"

आमच्या बारावीच्या मार्कलिस्टा उशिरा आल्या, आणि नेमका तोच म्हापशाच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या आंदोलनामुळे बस बंद होत्या. मार्कलिस्ट हातात घेऊन मी ऑफिसच्या दारात रडत उभी राहिले. क्लार्कनी माझ्याकडे न बघताच स्कूटरची चावी उचलली.

"चल. फाटल्यान बस." मी मागच्या सीटवर बसले.

म्हापशाच्या अलीकडे रस्त्यावर झाड आडवं टाकलेलं होतं. दांडके घेतलेल्या माणसांनी आम्हाला घेरलं. एकाने हँडल धरून विचारलं, "मराठी काय कोंकणी?"

मी मार्कलिस्ट ओढणीखाली घट्ट धरली. कुठलं उत्तर दिलं तर सुटू, हे आम्हा दोघांनाही कळेना. क्लार्कचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. हँडल न सोडता ते म्हणाले,

"चेडवाक कॉलेजीत मार्कलिस्ट देवची आसा. आज शेवटचो दीस. माका कितेंय करा, तिका सोडा."

मग एका वयस्क माणसाने फांदी बाजूला ओढली. "वचा. बेगीन वचा."

कॉलेजच्या ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या आत माझा अर्ज घेतला गेला. धावत बाहेर आले, तर क्लार्क अजून स्कूटरवरच बसलेले. हँडलवरची बोटं त्यांना उघडताच येत नव्हती. मी ती एकेक करून सोडवली.