बाबांचं वेगळं ताट

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया." त्याच वेळी माझ्या शेजारी बसलेल्या बाबांनी डॉक्टरांच्या टेबलावरचा उष्टा चहा उचलला, संपवला आणि कपाला चिकटलेली साय बोटाने निपटून चाटली.

मी तोंड फिरवलं. ते डॉक्टरांनी पाहिलं.

"किळस आली ना? त्यांना येत नाही. किळस, लाज, समोरच्याचं दुःख, हे जाणवून देणारा मेंदूचा पुढचा भाग सुकत चाललाय. तुम्ही याला वाईट वळण समजत होतात. हा आजार आहे."

ठाण्याच्या त्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला आम्हाला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

माझे बाबा कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीत कामगार होते. घरी आल्यावर साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन हात घासत बसायचे. नखांतला रंग निघाल्याशिवाय माझ्या वह्यांना हात लावायचे नाहीत. स्वतः चौथी शिकलेले, पण मी बी.कॉम. झाले ती त्यांच्यामुळे. नोकरी लागल्यावर मी डोंबिवलीत घर घेतलं आणि आईबाबांना आंबिवलीच्या चाळीतून माझ्याकडे आणलं.

पहिलं लक्षण आम्हाला लक्षण वाटलंच नाही. आत्या गेली. प्रेत अजून घरात होतं आणि बाबा कोपऱ्यात बसून केळी खात होते. एकामागून एक सहा खाल्ली आणि हसले. "पिऊन आलाय," असं नातेवाईक म्हणाले. बाबांनी जन्मात दारू घेतलेली नाही. मी मात्र गुपचूप त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

मग ते अंघोळीला नाही म्हणू लागले. भाताच्या पातेल्यात थेट हात घालायचे. रस्त्यावर कुणी टाकलेलं अर्धं कणीस उचलून खायचे. भांडी घासायच्या बेसिनमध्ये थुंकायचे, आणि एकदा जिन्याच्या कोपऱ्यात लघवी केली. खालच्या मजल्यावरच्या काकू चारचौघांत मला म्हणाल्या, "अगं, एवढी डिग्री घेतलीस, बापाला एक पॉट घे की!"

डिमेन्शिया म्हणजे विसरणं, एवढंच मला ठाऊक होतं. बाबांना तर माझ्या दहावीचा बैठक क्रमांकसुद्धा पाठ होता. त्यामुळे मला वाटलं, हे मुद्दाम करतात. एका डॉक्टरने रक्तदाबाची गोळी दिली, दुसऱ्याने नैराश्याची. आणि मी एकदा बाबांना थोबाडीत दिली. त्यांना राग आला नाही. गाल चोळत त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

डॉक्टरांनी नीट समजावलं ते सांगते. डिमेन्शिया हा एकच आजार नाही. अल्झायमरमध्ये बहुतेकदा आधी स्मरणशक्ती जाते. व्हॅस्क्युलर प्रकारात मेंदूचा रक्तपुरवठा अडतो, अनेकांना पक्षाघातानंतर होतो. ल्युई बॉडी प्रकारात नसलेली माणसं दिसतात, हातपाय कडक होतात. आमच्या प्रकारात आधी वागणूक बिघडते, आणि तो बऱ्याचदा साठीच्या आसपास किंवा त्याआधीच सुरू होतो. बी-ट्वेल्व्ह किंवा थायरॉईड कमी असलं तरी माणूस असा गोंधळू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून रक्ततपासणी आधी करायची. बाबांचं रक्त ठीक निघालं. तसं निघायला नको होतं, असं मला वाटलं.

"कंपनीतल्या रंगांमुळे झालं का?" मी विचारलं.

"तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. मेंदूच्या पेशींत नको ती प्रथिनं साचतात. काही घरांत ते आनुवंशिक असतं, पुष्कळदा कारण सापडत नाही. हा आजार थांबवणारं औषध नाही. खाण्याची हाव, चिडचिड थोडी कमी करता येते. बाकी घर बदलायचं, माणूस बदलणार नाही."

आजाराचं नाव कळलं की किळस जाते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझी गेली नाही. मी बाबांचं ताट आणि पेला आधीच वेगळा केला होता. दोन्हींवर खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, आमच्यात मिसळू नयेत म्हणून. त्यांचं जेवण गॅलरीत. निदानानंतरही ते तसंच चालू राहिलं. शिवाय कल्याणच्या पुढे एका संस्थेत चौकशी करून मी फॉर्म आणला. त्यावर फक्त आईची सही हवी होती.

फॉर्म घेऊन मी गॅलरीत गेले. आई बाबांच्या शेजारी जमिनीवर बसून त्याच ठिपक्याच्या ताटात जेवत होती. बाबांच्या तोंडातली शितं तिच्या भाकरीवर पडत होती.

"आई! शी! तुला किळस नाही येत?"

"येते की." तिने घास गिळला. "तुझ्या बापाला गावातल्या हॉटेलात कप नव्हता. बाहेर खुंटीला एक कानतुटका टांगलेला असायचा, आपल्या लोकांसाठी. आपणच विसळायचा, आपणच टांगायचा. त्या कपापायी गाव सोडलं त्याने. आता त्याला काही कळत नाही, तेच बरंय."

मग तिने हात पुढे केला. "आण, कुठे सही करू?"

मला तो कागद तिच्या हातात देता आला नाही. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. शाळेत भाषणात मी ती सांगितली होती, टाळ्या मिळवल्या होत्या. आणि ठिपका मीच लावला होता. त्या दिवशी मला बाबांची जितकी कधी आली नव्हती तितकी किळस स्वतःची आली.

आजारी माणसाला संस्थेत ठेवण्यात काही पाप नाही. उद्या आम्हा दोघींना झेपेनासं झालं तर मीही ठेवीन. पण तेव्हा मी त्यांना ठेवत नव्हते, टाकत होते.

आता आम्ही तिघं एकत्र जेवतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पातेली आत ठेवून ताटं वाढूनच आणायची, एका वेळी एकच पदार्थ. ओट्याखालच्या कपाटाला कुलूप. दर दोन तासांनी त्यांना बाथरूमला न्यायचं. खालच्या काकूंना मी एमआरआयचा कागद दाखवला. त्या ओशाळल्या, म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना गं." खरंच, आधी सांगायला हवं होतं. तुम्ही सांगा.

काल बाबांनी माझ्या ताटातला बोंबील उचलला, चावला आणि अर्धा परत माझ्या भातात ठेवला. मी उठले, बाथरूममध्ये जाऊन ओकले, तोंड धुतलं. बाहेर आले तर आईने माझं ताट बदलून नवा भात वाढला होता. तिने फक्त पाट पुढे सरकवला. ही बाई नसती तर मी कोण झाले असते, याचा विचार करवत नाही.

मी बाबांच्या शेजारी बसले आणि जेवले.