मिटल्या डोळ्यांची पाणचक्की

दिनांक २१ ऑक्टोबर, मंगळवार. ओढ्याकाठच्या जुन्या पाणचक्कीच्या दाराला वारसा जतन समितीने नवे पितळी कुलूप ठोकल्याचे आम्हांस आढळले. पूर्वसूचना नाही, विचारपूस नाही; दारावर केवळ एक पत्रा : ‘संरक्षित वास्तू. प्रवेश बंद.’ ज्यांच्या पणजोबांनी ती चक्की उभारली आणि जे आजही तिच्यामागच्या दोन खोल्यांत राहतात, त्या चक्कीवाल्या आजोबांनाही किल्ली दिलेली नाही. मी लेखी तक्रार केली. उत्तर नाही. म्हणून ती येथे नोंदवीत आहे. मात्र ती समजण्यासाठी आधी माझी वहिनी समजणे आवश्यक आहे.

वहिनीचे शहरात पासपोर्ट फोटोचे दुकान आहे. एक स्टूल, पांढरा पडदा, दोरीला बांधलेला कंगवा. स्टुलावर वकील बसो की दूधवाला, ती एकाच सुरात सांगते, “मान सरळ. नजर इकडे. हसू घरी जाऊन.” डोळे मिटलेला फोटो सरकारी कचेरीतून परत येतो, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा.

पानगळ लागली की ती शटर ओढते आणि खेड्यांतल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायला निघते. धान्याची कोठारे, गोठे, घोड्यांच्या पागा. कॅमेऱ्याचा स्टँड मी वाहतो, कारण माझा थोरला भाऊ पहिल्याच वर्षी शिताफीने कंबर धरून बसला. त्याचे म्हणणे, “तिला भिंती आवडतात, कारण त्यांना ‘हलू नका’ सांगावं लागत नाही.” वहिनीचे म्हणणे निराळे. झाडावर पाने असली की इमारत तोंड लपवते. ती गळली की चेहरा उघडा पडतो आणि तिरपे ऊन थेट कपाळावर येते.

तिचा एक नियम मात्र अटळ आहे. फोटोत दार उघडे हवे.

“दार मिटलेलं असलं की घराला झोपेत पकडल्यासारखं वाटतं, भावजी.”

परिणामी ती प्रत्येक दार ठोठावते, चहा घेते, गुडघेदुखीच्या हकिकती ऐकते आणि वर्षानुवर्षे न उघडलेली दारे उघडायला लावते. पुढच्या वर्षी ही बाई पुन्हा येणार म्हणून लोक बिजागऱ्यांना तेल घालतात, सरकलेली कौले नीट करतात. व्याही येणार असावेत, अशी धांदल. माझ्या माहितीतल्या कोणत्याही समितीने या इमारतींसाठी एवढे केलेले नाही.

चक्कीवाले आजोबा तर दरवर्षी अंगण झाडून आरशासारखे करतात.

“आजोबा, पानं कुठे गेली?” वहिनी विचारते.

“झाडली की. फोटो आहे ना.”

“अहो, पानगळीचा फोटो आहे, आणि तुम्ही पानगळच झाडून टाकलीत.”

“मग काय केराचा फोटो काढतेस? लोक काय म्हणतील?”

मग मी मागच्या ढिगातून टोपलीभर पाने आणून अंगणात पसरतो. माझ्या पदव्युत्तर शिक्षणाचा हा आजवरचा सर्वोच्च उपयोग होय.

यंदाही अंगण लख्ख होते. आजोबा मात्र पायरीवर तेलाची बाटली घेऊन बसले होते आणि डोक्यामागे ते कुलूप.

“आत छपराच्या गळतीखाली बादली ठेवलीय,” ते म्हणाले. “मी रोज सकाळी रिकामी करायचो. आता पाणी खालच्या फळ्यांवर जाणार. एकदा फळ्या कुजल्या की जातंही खाली येईल.”

वहिनीने समितीच्या कारकुनाला फोन लावला. किल्ली वरिष्ठांकडे आणि वरिष्ठ दौऱ्यावर. “बाहेरून काढा की,” तो म्हणाला. “बाहेरूनच छान दिसते.”

“तुमच्या ओळखपत्रावर डोळे मिटलेला फोटो लावू का?” वहिनीने शांतपणे विचारले. “तुम्हीही बाहेरून छान दिसाल.”

त्याने फोन ठेवला.

ऊन भिंतीवरून उतरू लागले. मी म्हणालो, “वहिनी, यंदा बंद दाराचाच घ्या. निदान नोंद राहील.”

“मिटल्या डोळ्यांचा फोटो मी एकदाच काढला, भावजी. सासूबाईंचा. तोही तुम्ही मागितलात म्हणून.”

माझ्या आईचा तो फोटो माझ्या कपाटात आहे. वहिनीने स्टँड मिटून माझ्या खांद्यावर दिला.

“म्हणजे यंदा नाही?” आजोबांनी विचारले.

“यंदा नाही.”

“मग पुढच्या वर्षी अंगण झाडू की नको?”

“झाडा. नाहीतर भावजींना काम काय उरेल?”

आजोबा हसले. आम्ही वळणावरून मागे पाहिले, तेव्हा ते दाराला कान लावून उभे होते. बादली भरली की काय, ते ऐकत.

वाचकहो, समितीचे कार्यालय बाजारातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. पत्र पाठवू नका. पत्रांचे तेथे काय होते, ते मी जाणतो. स्वतः जा आणि त्या दाराची एक किल्ली चक्कीवाल्या आजोबांच्या हाती द्यायला सांगा. पुढचा पाऊस येण्याआधी जा.