सव्वीस सह्या

"ठेव ते खाली. लोकर मोजायला आणलंय का ते?"

कारखान्यातल्या साहेबांनी माझ्या हातातून मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं यंत्र, काढून घेतलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. ट्रेनिंगचा माझा दुसरा दिवस होता. आजूबाजूला सात माणसं होती, मी मोजली. सातपैकी सहा हसली.

"मेंढरांची लोकर किती जाड असते गं? बापाला विचारून ये. आणि येताना चहा सांग. सात."

मी चहा सांगायला गेले. त्याची लाज मला आजही वाटते, म्हणून ती आधी लिहून टाकते.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षात सहा महिने एखाद्या कारखान्यात बिनपगारी काम करायचं, त्याचे शंभर गुण. हे गुण नाहीत तर डिप्लोमा नाही. मला मिळालेला कारखाना शिरूरच्या बाजूला होता. मी न्हावऱ्याहून एसटीने जायची. आमच्या वस्तीवरून कारखान्यात गेलेली मी पहिली मुलगी.

आमची जात धनगर. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोवर चार एकर शेती केली होती, तरी मेंढ्या सोडल्या नव्हत्या. मोजायला मी त्यांच्याकडूनच शिकले. संध्याकाळी मेंढ्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, जाताना आप्पा तोंडाशी उभे राहायचे आणि जोड्यांनी मोजायचे. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, पण मोजणी कधी चुकली नाही. मीही एका साध्या वहीत रोज काय केलं ते लिहायची. आकड्यात.

त्या वहीत पहिल्या महिन्याचं असं आहे: हजर दिवस चोवीस. चहा सांगणे त्र्याहत्तर वेळा. जुनी रजिस्टरं पुसून लावणे नऊ दिवस. साहेबांच्या मुलाच्या शाळेची वही पूर्ण करणे, तीन दिवस. मशिनवर काम, शून्य.

शिकले ते एकाच माणसाकडून. ग्राइंडिंगवर रशीदमामा होते, शिरूरचेच. हसणाऱ्या सहांत नसलेले सातवे. ते म्हणाले, "बेटा, सायेब जेवायला गेला की अर्धा तास आपला. डबा लवकर खात जा." त्यांच्याकडे स्वतःचं जुनं मायक्रोमीटर होतं. त्याचं मागचं बोंड फिरवलं की टिक टिक वाजायचं.

"तीन टिक झाले की थांबायचं. हौसेनं आवळत बसलीस तर माप खोटं येतं. मग ते यंत्राचं पाप न्हाई, तुझं."

कॉलेजची ट्रेनिंग डायरी वेगळी होती. दर आठवड्याला एक पान, पानाखाली साहेबांची सही. अशी सव्वीस पानं. ही डायरी कुणीच स्वतः लिहीत नसे. मागच्या वर्षीच्या मुलांची डायरी मिळवायची आणि उतरवून काढायची, हीच पद्धत. त्या मुलांनीही आधीच्यांची उतरवलेली. मीही उतरवली. "या आठवड्यात लेथ मशिनचा अभ्यास केला. सुरक्षिततेचे नियम समजून घेतले." सुंदर अक्षरात.

दर शनिवारी मी सही मागायची. साहेब म्हणायचे, "शेवटी एकदम करू. पळून चाललोय का मी?"

मे महिन्यात मी पुन्हा डायरी पुढे ठेवली. साहेबांनी ती उघडली नाही. खुर्ची मागे रेलून विचारलं, "मेंढ्या किती आहेत तुमच्या?"

"ब्याऐंशी."

"यवतला माझं रान मोकळं पडलंय. बापाला सांग, आठ रात्री बसव. खत होईल. धान्यबिन्य मागायचं नाही. तुझं काम होतंय ना इथं फुकट?"

माझं काम. फुकट. साडेचार महिने मी त्यांच्याकडे फुकट राबत होते, आणि उपकार त्यांचे.

मेंढ्या रानात बसवल्या की शेतकरी धनगराला धान्य देतो. आमच्या आज्याच्या आज्यापासून हीच रीत. लेंडीखत तुमचं, ज्वारी आमची. कुणी मोठा असो वा छोटा, या रीतीला कुणी हात लावला नव्हता.

मी घरी सांगितलं. आप्पांनी एकच विचारलं, "सही व्हईल?"

"व्हईल म्हणले."

न्हावऱ्याहून पारगावचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून यवत. मेंढ्यांच्या चालीने तीन दिवस. आप्पा गेले. आठ रात्री झाल्या. साहेबांनी निरोप धाडला, आणखी चार. आप्पा थांबले.

बाराव्या दिवशी रविवार होता. आईने दिलेल्या भाकरी घेऊन मी यवतला गेले. डायरीही पिशवीत होती. साहेबांच्या मळ्यातल्या घरापुढे ओटा होता. ओट्यावर साहेब आणि पुण्याहून आलेले चार पाहुणे. खाली उन्हात आप्पा. पायताण काढून उभे.

"काय रे, झाली ना सगळ्या रानात बसवून?"

साहेब आप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते.

"व्हय सायेब. कोपरा बी सोडला न्हाई."

"मग आता एक काम कर. पाहुणे आलेत. ते काळ्या कानाचं कोकरू ठेवून जा. पोरगी इंजिनिअर झाली म्हणून पेढे द्यायचे नाहीत का? ते पेढे समज."

पाहुणे हसले. एक जण म्हणाला, "पेढा जरा तिखट होणार."

आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. सही राहिली होती.

"घ्या," आप्पा म्हणाले.

मी डायरी पुढे केली. साहेब म्हणाले, "उद्या ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी सह्या करत नसतो मी."

ऊन उतरलं तेव्हा आप्पांनी मेंढ्या वाघरात घेतल्या. तोंडाशी उभे राहून मोजल्या. "चाळीस जोड्या आन् एक." थांबले. सगळ्या बाहेर काढल्या आणि पुन्हा मोजल्या. कोकरू कुठं गेलं ते त्यांना माहीत होतं, तरी मोजल्या. चाळीस जोड्या आणि एक.

मग माझ्याजवळ येऊन बसले. डायरीवर बोट ठेवलं.

"हेच का ते? वाच की. काय लिवलंय बघू."

मी वाचलं. लेथ मशिनचा अभ्यास केला. मिलिंग मशिनवर कामाचा अनुभव घेतला.

"हे तू केलंस?"

"न्हाई."

"मंग कुणी केलं?"

"कुणीच न्हाई, आप्पा. मागच्या पोरांच्या वहीतून उतरवलंय."

आप्पांनी डायरी माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाले, "म्हंजी ह्या खोट्यापायी गेलं व्हय माझं कोकरू?"

आवाज चढवला नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी मी सही मागायला गेले नाही. शिरूरला उतरले, नवी कोरी डायरी घेतली. माझ्या साध्या वहीवरून चार दिवसांत झालेल्या आठवड्यांची एकवीस पानं लिहून काढली. पुढे राहिलेल्या आठवड्यांची पानं दर शनिवारी भरली. जे घडलं तेच. चहा किती वेळा. रजिस्टरं किती. जेवणाच्या सुट्टीत रशीदमामांच्या मायक्रोमीटरवर घेतलेली मापं, एकशे बारा. मामांचं नाव मात्र घातलं नाही, त्यांची नोकरी होती. आणि एकविसाव्या पानावर: "यवत येथे साहेबांच्या रानात बारा रात्री मेंढ्या बसवल्या. मोबदला नाही. आणल्या ब्याऐंशी, परत नेल्या एक्क्याऐंशी. एक कोकरू साहेबांनी पाहुण्यांसाठी घेतलं."

शेवटच्या दिवशी डायरी त्यांच्यापुढे ठेवली. ते फोनवर बोलत होते. पानं मी उलटत होते, ते सही करत होते. एकविसाव्या पानावर मी त्यांच्या पेनाकडे पाहिलं. ते थांबलं नाही. त्यांनी वाचलंच नव्हतं. माझ्यासारखीच्या वहीत वाचण्याजोगं काही असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. सव्वीस सह्या, सव्वीस शिक्के.

कॉलेजात ट्रेनिंग बघणाऱ्या सरांनी मात्र डायरी वाचली. दार लावून घेतलं.

"वेडी आहेस का तू? ही फाड. रात्रीत दुसरी लिहून आण. सह्यांचं मी बोलतो त्यांच्याशी."

"सर, यातलं खोटं काय आहे?"

"खरंखोटं कोण विचारतंय? पुढच्या वर्षी तिथं मुलं पाठवायचीत मला."

"सर, सही त्यांचीच आहे."

सरांनी कारखान्यात कळवलं, आणि आठवड्याने तिथलं पत्र आलं. वर्तणूक असमाधानकारक. सरांनी माफीचा अर्ज स्वतःच लिहून ठेवला होता. सहा ओळी. त्यात "क्षमा" तीनदा. "खाली नाव घाल फक्त. पन्नास तरी मिळतील."

मी अर्ज दोनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी सही मागत होतं. मी पेनाला टोपण लावलं.

शंभरपैकी शून्य. सहा महिने पुन्हा. डिप्लोमा वर्षभर उशिरा. दुसऱ्या वेळी शिरूरच्याच एका लहान वर्कशॉपात गेले आणि पहिल्याच दिवशी मालकाला सांगितलं, मशिनवर उभं करणार असाल तर थांबते. त्याने उभं केलं.

घरी आप्पांना शून्य सांगितलं तेव्हा ते दोरी वळत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "एक गेलं ते गेलं. दुसरं द्यायचं न्हाई."

आज मी एका कारखान्यात मापं तपासते. तीन टिक, मग थांबते. हाताखाली ट्रेनिंगला येणाऱ्या मुलामुलींच्या डायऱ्या माझ्याकडे येतात, आणि त्यात अजून तेच वाक्य असतं, लेथ मशिनचा अभ्यास केला. मी ते पान परत देते. रडतात, घरच्यांना घेऊन येतात, वरून फोन आणतात. मी पुन्हा परत देते. आणि ज्या साहेबाने त्यांना मशिनला हात लावू दिला नाही, त्याचं नाव त्या पानावर लिहायला लावते. यापायी माझी बढती दोनदा अडली. अडू दे.

नातेवाईक अजून म्हणतात, एका सहीसाठी वर्ष घालवलंस. बरोबर आहे. एक वर्ष गेलं, एक काळ्या कानाचं कोकरू गेलं. आमच्या घरातून फुकट गेलेलं ते शेवटचं. त्यापुढे मोजणी एकदाही कमी भरलेली नाही. भरू देणारही नाही.