लंडनला जाण्याआधीच्या गाठीभेटी

आमच्या नालवाडीतून लंडनला जाणारा पहिला माणूस म्हणजे माझे बाबा, असं बाबाच सांगत. खरंखोटं तपासायला कोणी गेलं नाही. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी वर्ध्याला कॉलेजात होते आणि घरात इंग्रजी वाचता येणारी एकटीच असल्यामुळे सगळ्यांना अक्कल शिकवत होते. बाबा भाजीपाला पिकवत. रस्त्याकडेचा एक पडीक तुकडा विकला गेला, हाती काही आलं, आणि शहाणा माणूस अशा वेळी जे करतो ते सोडून बाबांनी इंग्लंड-फ्रान्सच्या सहलीत स्वतःचं आणि आईचं नाव घातलं. वीस-बावीस जणांचा गट होता, सगळे वर्ध्याचे नाहीतर आसपासच्या खेड्यांतले.

गटाचे म्होरके भूगोलाचे एक निवृत्त सर होते. त्यांनी जन्मभर पोरांना इंग्लंडचं हवामान शिकवलं होतं आणि स्वतः नागपूरच्या पुढे गेले नव्हते. दर रविवारी एका शाळेच्या वर्गात ते या मंडळींची तयारी करून घेत. फॉर्म भरायला म्हणून मीही जायची. पोरांच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसत. सरांनी कुठूनतरी सहा काटे आणि सहा सुऱ्या मिळवल्या होत्या, त्या आळीपाळीने फिरत. काट्याने पोळी तुटत नाही एवढं सिद्ध व्हायला तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सरांनी फळ्यावर कमोडचं चित्र काढलं. बायका खिडकीबाहेर बघायला लागल्या. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, याच्यावर बसाचं का चढाचं?" सरांना अनुभव नव्हता. त्यांनी प्रश्न पुढच्या रविवारवर ढकलला.

आईने सगळ्या रविवारांत मिळून एकदाच तोंड उघडलं. "इमानातून ढग वरतून दिसतेत काय?"

सर म्हणाले, दिसतात. त्यानंतर आई चैत्रातल्या कोऱ्या आभाळाकडे बघत अंगणात हिंडायला लागली. ती नागपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. पासपोर्टसाठी इंग्रजीत सही करायला ती माझ्याकडून शिकली, आणि भाजी बांधून आलेल्या रद्दीवर, पिठाच्या डब्यावर, माझ्या वहीच्या मागच्या पानावर सह्या करत सुटली. बाबांना लंडनला जाऊन आलो असं सांगायचं होतं. आईला जायचं होतं. मला आईसाठीच ही सहल व्हायला हवी होती.

आता गावाचं सांगते. आमच्याकडे कोणी लांबच्या यात्रेला निघालं की घरोघर जाऊन निरोप घेतो. काही कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला, असं म्हणतो. मग ते घर त्याला जेवायला घालतं, बाईची ओटी भरतं, पुरुषाला टोपी-दुपट्टा देतं. लंडन म्हणजे यात्रा नव्हे हे गावाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी गावाने ऐकलं नसतं. महिनाभर आमच्या घरी संध्याकाळची चूल पेटली नाही. बाबांकडे चौदा टोप्या जमल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हातारीने आईच्या हातात दहा पैसे ठेवले.

"तिकडं नदी कोनती हाय व?"

"टेम्स," मी म्हटलं.

"तिच्यात माह्या नावानं सोडजो. अन् येतानी गडूभर पानी आनजो."

आईने दहा पैसे पदराच्या गाठीला बांधले. मी हसले तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

सहल मे महिन्यात होती. तिकडे मे महिन्यात स्वेटर घालतात, असं सर घसा फोडून सांगत होते. पण वर्ध्याच्या मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे हे कोण मानणार! येणारा-जाणारा सातूचं पीठ, कैरीच्या फोडी, आणि ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायला पांढरे कांदे देऊन जात होता. बाबांनी दोन्हीकडचा बंदोबस्त केला. कांदे ठेवून घेतले आणि वर्ध्याच्या शिंप्याकडे लोकरीचा कोटही टाकला. कोटाला खिसे मोठे ठेवायला सांगितलं.

बाबा मोठ्या हौसेने घरोघर निरोप घेत होते. ज्यांच्याकडे उभ्या जन्मात पाय टाकला नाही त्यांच्याकडेही जाऊन, कमी-जास्त काहीच बोललेले नसताना, माफी मागून जेवून आले. फक्त एक घर सोडलं. ते आमच्या घराला लागूनच होतं, मध्ये छातीएवढी मातीची भिंत. त्या घरात बाबांचे सख्खे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, राहत. दोघांची विहीर एक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात आमच्या पाळीला त्यांची मोटर चालू राहिली आणि आमची वांगी वाळली. भावाने मुद्दाम केलं, असं बाबांचं म्हणणं. पाळी माझीच होती, असं मोठेबाबांचं. तेव्हापासून बोलणं बंद. एवढ्या वर्षांत वांग्याची किती पिकं निघाली, पण त्या वाळलेल्या वांग्यांचं सुतक काही फिटलं नाही. पहिले दादानं बोलावं, असं बाबा म्हणत. मोठेबाबांचं म्हणणं, लहान्यानं यावं. या भिंतीजवळ आले की बाबा 'लंडन' हा शब्द जरा जोरात उच्चारत.

निघायला पाच दिवस राहिले तेव्हा आईने पेटी भरायला घेतली. भरता भरता म्हणाली, "एक घर राह्यलं."

"कोनतं?" बाबांना चांगलं ठाऊक होतं.

"अबोला घेऊन यात्रेले जात नाई कोनी. तुमी जाऊन या."

"मी काय काशीले चाललो काय? लंडनले चाललो!"

"टोप्या घेतानी तर यात्राच होती," आई म्हणाली.

बाबांनी आवाज चढवला. सासऱ्यांपासून सरांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून ते वाफ्यांत निघून गेले. आईने आवाज चढवला नाही. तिने पेटीत घातलेली आपली लुगडी एकेक करून बाहेर काढली, खुंटीवर टाकली, आणि पेटीत नुसते बाबांचे कपडे ठेवले.

"तुह्या बापाले सांगजो," ती मला म्हणाली. "मी येत नाई."

मला वाटलं, धमकी असेल. दुसऱ्या दिवशी तिने म्हातारीचे दहा पैसे म्हातारीला परत नेऊन दिले. धमकी नव्हती. आई थट्टेतसुद्धा खोटं बोलत नसे. त्या दिवसापासून तिने आभाळाकडे बघणं सोडलं, नेहमीसारखी खाली मान घालून मेथी निवडत बसली. मला बाबांचा इतका राग आला की तिचा निरोप सांगून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. आमच्या खानदानाला दुसरं काही येतच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी बाबा वर्ध्याहून कोट घेऊन आले. सायकल भिंतीला टेकवली, पाणीही न पिता कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि मला म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"चाल म्हनलं ना."

साक्षीदार म्हणून मला घेतलं असावं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत वीस पावलं असतील, तेवढ्यात बाबा दोनदा थांबले. एकदा चपलेतला खडा काढायला, एकदा तो खडा नव्हता म्हणून. मोठेबाबा ओसरीवर बनियनवर बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली. बाबा कोटात घामाने निथळत उभे. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य मोठेबाबा बोलले ते असं:

"उन्हात कोट काऊन घातला बे?"

बाबांनी महिनाभर घरोघर घोटलेलं ते वाक्य आता त्यांना आठवेना. शेवटी एकदाचं आलं, तेही तुटक. "दादा, मी... लंडनले चाललो. काही कमी-जास्त बोललो असन तर पोटात घाल." आणि ते पाया पडायला वाकले. कोट नवा आणि घट्ट होता, त्यामुळे वाकले ते तसेच राहिले. मोठेबाबांनी दंडाला धरून त्यांना उठवलं आणि आपल्या शेजारी बसवलं. हात मात्र सोडला नाही.

आतून मोठेबाबांची बायको, आमची मोठी आई, पाण्याचा गडू घेऊन आली. तिने बाबांकडे पाहिलं, गडू माझ्या हातात दिला आणि सरळ भिंतीपाशी जाऊन पलीकडे हाक मारली, "आले व! भर तू पेटी!" पलीकडून आई लगेच म्हणाली, "आले काय?" दोघींच्या आवाजात नवखेपणाचा लवलेश नव्हता. या बायका नऊ वर्षं त्या भिंतीवरून रोज बोलत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांना बहुधा तेव्हाही कळलं नाही. ते रडत होते. तो घाम होता, असं ते पुढे मरेपर्यंत सांगत राहिले.

मोठेबाबांनी मोकळ्या हाताने दोर बाजूला सारला. मग रागाने बोलावं तसं म्हणाले, "याच्यासाठी लंडनले जा लागते काय रे? मी पवनारले जाऊन येतो म्हनून सांगाले आला असता, तरी बोललो असतो मी तुह्यासंग."

बाबांनी मान वर केली नाही. पवनारला ते दर आठवड्याला जात. भाजीची रोपं आणायला, सायकलवरून, मोठेबाबांच्या याच ओसरीसमोरून.