शिट्टी न झालेला डाव

शुभदाच्या नवऱ्याचा, प्रकाशरावांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "ताई, शुभदा गेली हो," एवढंच म्हणाले. मागे दवाखान्यातली कोणी बाई हिंदीत पलंग रिकामा करायला सांगत होती, ते मात्र स्पष्ट ऐकू येत होतं. त्याला आता महिना उलटून गेला. हातातला ओला टॉवेल मी तसाच पुन्हा बादलीत टाकला होता, हे का कोण जाणे लक्षात राहिलंय.

शुभदा आणि मी इंदूरच्या एकाच कॉलेजात शिकलो, पुढे एकाच कॉलनीत संसार केले. मी ऑफिसात चिकटले, ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. शाळेमागच्या मैदानावर ती खो-खो शिकवायची. जवळच्या बेटमा गावाहून बसने येणारी पूजा तिथलीच. काडीसारखी पोर, डब्यात बहुतेक वेळा नुसती पोळी. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिच्या दोन्ही जोडीदारिणी बाद झाल्या आणि गुडघ्याला पट्टी बांधलेली पूजा एकटी उरली. समोरच्या धिप्पाड मुली एकीमागून एक अंगावर येत होत्या. ही खांबाला वळसे घालत, चकवे देत वेळ संपेपर्यंत हाती लागली नाही. ती परत आली तेव्हा आमच्या कॉलनीने ढोल लावून तिची मिरवणूक काढली होती.

शुभदा निवृत्त झाली आणि दोनच वर्षांत त्या मैदानावर दुकानं आणि पार्किंग करायचं ठरलं. ती अर्ज-विनंत्या करून थकली आणि शेवटी पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला अपक्ष उभी राहिली. समोर मोठ्या पक्षाचे भैयाजी. त्यांच्या फ्लेक्सनी विजेचे खांबसुद्धा दिसेनासे झालेले. इकडे आम्ही पाच-सहा बायका आणि एक भाड्याची रिक्षा. पूजा तेव्हा रेल्वेत नोकरीला लागली होती, ती सुट्टी काढून आली. चौकातल्या सभेत माइक हातात घेऊन म्हणाली, "उस दिन मैं अकेली बची थी, आज मैडम अकेली हैं. मुझे कोई पकड़ नहीं पाया, इनको भी कोई हरा नहीं पाएगा." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलाही त्या क्षणी वाटलं, होईल, काहीतरी होईल.

घरी परतताना शुभदा मात्र उरलेली पत्रकं मोजत बसली होती. "छान बोलली ना पूजा?" मी विचारलं.

"छानच बोलली. पण यार, खो-खोत पळणारीला माहीत असतं की शेवटी शिट्टी होणार. तेवढा वेळ निभवायचं असतं फक्त. इथे शिट्टी कोण वाजवणारे?"

मतदानाच्या आदल्या दिवशी मागच्या गल्लीतल्या सरलाबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांची मुलगीही तिच्याकडेच खेळलेली. "मैडम, आप तो हमारी पूजा हो. पर टैंकर तो भैयाजी ही भेजते हैं ना..." हे त्या इतक्या प्रेमाने बोलल्या की रागही धरता येईना. शुभदा हसली, म्हणाली, "पानी तो चाहिए ही." निकालात ती खूप मागे राहिली. महिन्याभरात मैदानाभोवती पत्रे लागले.

शुभदाचा खोकला तेव्हाच सुरू झाला होता. प्रचाराची धूळ म्हणून आम्ही सोडून दिला. मग डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आक्रसत चालली आहेत, यावर इलाज नाही, फक्त त्रास कमी करता येईल. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. काय करणार होते मी? पाणी द्यायचे, उशी सरळ करायचे, खिडकी उघडायचे, पुन्हा लावायचे. शेवटच्या आठवड्यात पूजा आली. नाकातली नळी बघून क्षणभर दारातच थबकली, मग जवळ येऊन, मैदानाच्या कडेला उभी राहून शुभदाच तिला जे ओरडून सांगायची तेच म्हणाली, "मैडम, बस, थोड़ा और." शुभदाने तिच्या गालाला हात लावला आणि मान हलवली. "नहीं रे बेटा... अब नहीं होता." पूजा व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून मी गेले, आणि नुसती तिच्या शेजारी उभी राहिले.

परवा सकाळी दूध घ्यायला निघाले तर प्रकाशराव पत्र्यांच्या कडेकडेने चालताना दिसले. शुभदा रोज मैदानाला फेऱ्या घालायची. पत्रे लागल्यावर बाहेरून घालू लागली, आणि दम लागायला लागला तेव्हा सोबतीला प्रकाशराव जाऊ लागले. मीही त्यांच्याबरोबर चालू लागले. आत कसलंसं यंत्र धडधडत होतं. नळापाशी रस्ता वळतो तिथे ते एकदम थांबले. मी दोन पावलं पुढे गेले होते, मागे वळून पाहिलं. ते पत्र्याला हात टेकून, खाली बघत उभे होते.

"काय झालं? दुखतंय का काही?"

"नाही ताई," ते म्हणाले. "इथे ती दम खायची."

मग आम्ही दोघंही तिथे थांबलो, तिला लागायचा तेवढा वेळ.