हाताला लागलं की थांब

आमच्या घरात एखाद्याची सगळ्यांना एकदम काळजी वाटायला लागली की त्या माणसाचं काही खरं नाही, असं समजावं. मी लग्न होऊन पुण्याहून इथे बंगळुरात, बसवनगुडीत आले, त्याच वर्षी हे ओळखलं. आणि काळजीचा सगळ्यात मोठा वाटा जन्मभर कोणाच्या पानात पडला असेल, तर तो पद्मावतीअक्कांच्या.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवी असताना मी त्यांना रीतसर "वन्सं" म्हणायला गेले, तर म्हणाल्या, "वन्सं काय गं? नाटकात काम करतेस का? अक्का म्हण, सरी?" सरी म्हणजे ठीक. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. तेव्हापासून त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, कॅलिपर. शिकल्या, बँकेत लागल्या, साहेब होऊन निवृत्त झाल्या. लग्न झालं नाही की केलं नाही, हे विचारायची आमच्यात कोणाची टाप नव्हती. जीभ अशी की समोरच्यानं पाणीही मागू नये. पण माझ्या बाळंतपणात रडक्या कार्तिकला रात्ररात्र मांडीवर घेऊन बसली ती हीच बाई, हे मी विसरणार नाही.

एकच गोष्ट त्यांना सहन होत नसे. कोणी कोपर धरलेलं. बसमध्ये कंडक्टर धरायचा, देवळाच्या पायरीवर अनोळखी बाया "अक्का, निधान, निधान" म्हणजे सावकाश, सावकाश, असं करत धरायच्या. आणि आमचे हे, बिंदुमाधव, अक्कांचे धाकटे भाऊ, यांचा हात तर अक्का खुर्चीतून उठायच्या आधीच कोपराखाली हजर. अक्का एकदा मला म्हणाल्या होत्या, "सुचेता, पायापेक्षा माझं कोपर जास्त दमलंय गं."

म्हणून ती गाडी. क्लच नसलेली, गिअर आपले आपण बदलणारी. डाव्या पायाला कामच नाही. अशा गाड्या तेव्हा बंगळुरात फारशा कोणाकडे नव्हत्या. अक्कांनी स्वतःच्या पैशांनी घेतली आणि त्या दिवसापासून त्या एकट्या फिरायला लागल्या. लालबाग, गांधी बाजार, थेट हेब्बाळला मैत्रिणीकडे. परत आल्या की चेहरा असा खुललेला असायचा की मी आधी चहा टाकायचे आणि मग विचारायचे, कुठे जाऊन आलात.

या वर्षी गणपती गेले आणि पोर्चमधल्या माझ्या रांगोळीवर एका सकाळी तांबूस डाग दिसला. दुसऱ्या दिवशी मोठा. गाडी गळत होती.

झालं! घरातल्या काळजीला निमित्तच पाहिजे होतं. अक्कांची गाडी सांभाळणारा मेकॅनिक दुकान बंद करून गावी गेलेला. दुसऱ्यानं सांगितलं, सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, त्यापेक्षा गाडी मोडीत काढा. रविवारी कार्तिक हेब्बाळहून आला, त्यानं तर निकालच लावला. "आत्या, बास झालं आता. मी ॲपवरून गाडी बुक करून देत जाईन. ड्रायव्हर दारात येईल, तुला हात धरून बसवेल, हात धरून उतरवेल." पोरगं मनानं चांगलं हो, पण कुठे काय बोलावं याचा पत्ता नाही. हेही लगेच, "बरोबर बोलतोय तो. अक्का, किती दिवस आम्ही घोर लावून घ्यायचा?"

अक्का माझ्या ड्रेसिंग टेबलावरचा पावडरचा डबा आणि हातआरसा घेऊन पोर्चमध्ये गेल्या. गिअरबॉक्सची खालची बाजू पुसायला लावली, तिच्यावर पावडर उडवली, आणि तासाभरानं काठीला बांधलेल्या आरशात मला दाखवलं. पांढऱ्या पावडरीवर एक ओली रेघ, थाळीसारख्या एका झाकणाच्या कडेवरून उतरलेली.

"गिअरबॉक्सला काही झालेलं नाही," अक्का म्हणाल्या. "खाली ही तेलाची थाळी असते. थाळी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये गॅस्केट असतं, तेल गळू न देणारी पट्टी, ते म्हातारं झालंय. ते मी बदलणार. आणि बिंदू, दसऱ्याच्या सकाळी गाडीखाली तेलाचा एक थेंब जरी दिसला, तर किल्ली देवापुढे ठेवीन. परत हात लावणार नाही."

"शब्द?" यांनी विचारलं.

"शब्द."

मला त्या बापलेकांचा असा संताप आला! बाईनं पैज लावायची ती कशावर, तर स्वतःच्या पायांवर.

जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानातून गॅस्केट आलं, तेल आलं. पुढच्या रविवारी कार्तिकनं गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर बसवली, हलवून बघितली आणि तोंड फुगवून आत गेला. अक्कांनी कॅलिपर काढून भिंतीला टेकवला, चटईवर आडव्या झाल्या आणि सरकत गाडीखाली गेल्या. मी पाने-पक्कड द्यायला बाहेर.

"अक्का, जमेल ना हो?"

"न जमायला काय झालं? इथे आडवं पडलं की सगळ्यांचे पाय सारखेच असतात."

मला भरून आलं, म्हणून मी उगाचच त्यांच्यावर ओरडले, की साडी मळेल, नाइटी घालायची होती.

एका बाजूचे बोल्ट सैल केल्यावर थाळी तिरकी झाली आणि जुनं तेल माझ्या जुन्या परातीत उतरलं. थाळी बाहेर आली. जुनं गॅस्केट तिच्या कडेला असं चिकटलेलं, जसं करपलेलं दूध पातेल्याला. हे काम माझं! लाकडी उलथन्यानं मी ते ओरखडा न पाडता खरवडून काढलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा अक्का मला "शाब्बास" म्हणाल्या. नवं गॅस्केट ठेवून थाळी परत चढवली. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत न्यायचे. हौस म्हणून मीही आत हात घालून एक आवळला.

"अजून एक पीळ देऊ का? घट्ट असलेलं बरं."

"अय्यो, नको!" अक्का खालून गरजल्या. "हाताला लागलं, बोल्ट बसला असं जाणवलं, की थांबायचं. जास्त आवळलं की थाळीची कड वाकते, गॅस्केट चेपून बाहेर येतं, आणि गळत नसेल तेही गळायला लागतं."

मग गाडी खाली घेऊन नवं तेल ओतलं. ते चक्क लालभडक असतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पदरावर सांडलं. साबण झाला, सोडा झाला, डाग काही हलला नाही. अजून आहे.

त्यानंतर गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला असायचा आणि अक्का रोज सकाळी टॉर्च घेऊन हजर. पुठ्ठा कोरडा ठणठणीत! नवरात्रातली फुलं आणायला गांधी बाजारात त्याच गाडीनं गेल्या, आणि मुद्दाम दोनदा गेल्या.

नवमीला आयुधपूजा. पुण्यात आम्ही खंडेनवमी करायचो, पण इथे तिचा थाट काही और. रिक्षापासून बसपर्यंत सगळ्यांना झेंडू. आमच्या देवघरातही अक्कांचे पाने ओळीनं मांडले, कार्तिकचा जुना लॅपटॉप, माझी विळी. प्रत्येकाला कुंकवाचं बोट आणि एक फूल. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत यातल्या कशाला हात लावायचा नाही, आणि यात आमचे हे इतके कडक की नवमीला विळी नाही म्हणून मला वरणभातावर भागवावं लागतं. संध्याकाळी पुठ्ठा काढून पोर्च धुतला, गाडीला हार घातला. यांनी कोहळ्यात कुंकू भरून गाडीवरून ओवाळला. तो रस्त्यावर फोडायचा, तर यांनी आळस करून गाडीपुढेच आपटला. फोडी मी झाडून घेतल्या. गाडीखाली माझा झाडू काही पोचला नाही.

दसऱ्याला मी उठले तेव्हा हे मोरीत हात धूत होते. बराच वेळ धूत होते. मला सणाची घाई, मी लक्ष दिलं नाही.

उजाडल्यावर अक्का टॉर्च घेऊन आल्या. वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या. मीही बघितलं. थाळीच्या कडेला एक लाल थेंब लोंबत होता आणि खाली फरशीवर दोन पडलेले होते. चकचकीत, तेलकट.

अक्कांनी पर्समधून किल्ली काढली, देवघरात गेल्या आणि पान्यांच्या ओळीशेजारी ठेवली. हे तिथेच उभे होते, चेहरा पांढराफटक. अक्का म्हणाल्या, "कार्तिकला सांग, ती ॲपवरची गाडी बोलवत जा म्हणावं." मग त्यांनी कोपर जरासं पुढे केलं. "धर रे बिंदू."

इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून धर म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. यांनी धरलं, पण अक्कांकडे न बघता.

मी मोरीत येऊन रडून घेतलं. तिथे बादलीत पंच्याचा फाटका तुकडा पडला होता, लाल लाल डाग पडलेला. हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून नळाखाली धरला. एक डाग बघता बघता वाहून गेला, पाणी गुलाबी झालं. दुसरा मात्र जागचा हलला नाही. माझ्या पदरासारखाच! मी तुकडा नाकाशी धरला. तेल होतं ते. मग जे धुऊन गेलं ते काय?

कुंकू. कोहळ्यातलं.

धावत देवघरात गेले. पान्यांच्या ओळीतला सगळ्यात लांब पाना बघितला. कुंकवाचं बोट पुसलेलं, फूल शेजारच्या पान्यावर, आणि दांड्याला तेलाचे ठसे.

"अहो!" मी अशी ओरडले की शेजारी आवाज गेला असेल. "काय केलंत तुम्ही?"

मग यांनी सगळं सांगितलं. पहाटे दूध आणायला निघाले, तर गाडीखाली लाल थेंब दिसले. वाटलं, संपलं, अक्का हरली. तिला कळायच्या आत पुसून काढले, पूजेतला पाना उचलला आणि गाडीखाली हात घालून, पोचतील तेवढे बोल्ट होतं नव्हतं तेवढं बळ लावून आवळले.

"पण तुम्हालाच ती गाडी नको होती ना?"

"गाडी नको होती," हे म्हणाले. "पण तिनं किल्ली ठेवलेली बघवणार नव्हतं गं मला."

"अहो, ते तुमच्या कोहळ्याचं कुंकू होतं! थेंबभर गळत नव्हती गाडी. तुम्ही गळवलीत!"

यावर मी पुढे जे बोलले ते सणासुदीला लिहिण्यासारखं नाही. मग मीच यांना अक्कांच्या खोलीत घेऊन गेले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"उत्तरपूजेआधी पाना उचललास? तू?"

"हो, अक्का."

अक्का हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेवटी डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मग म्हणाल्या, "पण थेंब पडला तो पडला. शब्द दिलाय मी. किल्ली मी उचलणार नाही."

"मग मी उचलीन," हे म्हणाले.

दुकानं उघडल्यावर हे स्वतः जे. सी. रोडला जाऊन नवं गॅस्केट घेऊन आले. या वेळी गाडीखाली हे आणि बाहेर स्टुलावर अक्का. वाकलेली कड लाकडावर ठेवून ठोकून सरळ केली, थाळी चढवली, बोल्ट लावायला घेतले.

"अक्का, अजून स्वल्प आवळू?"

"नको."

"एकच पीळ?"

"बिंदू, हाताला लागलं ना? मग थांब."

आणि हे थांबले. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

पुठ्ठा पुन्हा अंथरला. रोज सकाळी बघायला आता हेच जायचे. आठवडाभर कोरडा राहिला तेव्हा यांनी देवापुढची किल्ली उचलली आणि अक्कांच्या हातात दिली. अक्कांनी चप्पल घातली आणि निघाल्या.

पोर्चला एक पायरी आहे. अक्कांनी कॅलिपरचा पाय खाली टाकायला उचलला आणि यांचा हात सवयीनं पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. यांनी तो मागे घेतला आणि पाठीमागे दुसऱ्या हातानं धरून ठेवला. अक्कांनी ते बघितलं. सावकाश उतरल्या, दार उघडून बसल्या, गाडी फाटकाबाहेर काढली आणि गांधी बाजाराच्या दिशेला वळल्या. कुठे जाते म्हणून सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मी फाटक लावायला गेले, तर हे म्हणाले, "राहू दे उघडं. येईल ती."